साडेसहा होल

मंगळवार, ४ मार्च. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे.

मामा, नमस्कार. मामींनाही सांगा.

आत्ता मी हॉटेलच्या न्हाणीघरात बादली पालथी घालून तिच्यावर बसलो आहे. वॉशबेसिनचा नळ नुकताच दुरुस्त केला, हात पुसले आणि लिहायला घेतले. नळ रात्रभर ठिबकत होता. खाली फोन केला असता तर त्यांनी माणूस पाठवला असता, पण त्याने पान्याने नळाचा गळा आवळला असता आणि वायसर तसाच ठेवला असता. तुम्ही म्हणायचात की असा प्लंबर आणि रडणाऱ्या पोराला दम देणारा बाप, दोघांची अक्कल सारखीच. वायसर माझ्याकडे होता. माझ्या गोल्फच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात पेन्सिली, रुमाल आणि तुम्ही ठेवलेले चार वायसर असतात. आता तीन उरले. लांब्याने, म्हणजे मैदानावर माझी बॅग वाहणाऱ्या सध्याच्या कॅडीने, एकदा विचारले होते की हे काय. मी म्हटले, असू देत. तो मोजके बोलणारा आहे, त्याने पुन्हा विचारले नाही.

तुम्ही फोन उचलत नाही. पण घरात आलेला कागद तुम्ही वाचल्याशिवाय टाकत नाही हे मला माहीत आहे. पाइपांच्या कंपनीची जाहिरातसुद्धा तुम्ही खालच्या पत्त्यापर्यंत वाचता. म्हणून हे पत्र. माझी शाळा नववीत सुटली, पण शब्दकोश बरोबर ठेवतो. तरी चूक सापडली तर घाईत झाली असे समजा.

कामाचे आधी लिहितो. येत्या जुलैत वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा आहे, आणि यंदा ती त्याच मैदानावर ठेवली आहे. कुठल्या ते तुम्हाला कळले असेल. तुम्ही यावे, एवढीच विनंती आहे. बॅग उचला असे म्हणत नाही, लांब्याशी माझा करार आहे. तुम्ही फक्त या. त्या बाराव्या होलपाशी माझे हातपाय अजून गार पडतात. तिथे नुसता सराव असला तरी पडतात.

आई म्हणते, त्या दिवसाची गोष्ट तुम्ही भेटेल त्याला सांगता. मी कुणालाच सांगितलेली नाही. म्हणून एकदा माझ्या बाजूने लिहितो, तुमच्या बाजूशी ताडून पाहा.

शेवटचा दिवस. बारावा होल. तोपर्यंत मी कुठलीच स्पर्धा जिंकलेली नव्हती आणि त्या दिवशी दोन फटक्यांनी पुढे होतो. समोर तळे, तळ्यापलीकडे हिरवळ आणि तिच्यावर होलचा झेंडा. तुम्ही म्हणालात, "एकशे साठ. सात नंबरची काठी घे."

"नक्की?"

"नक्की."

मी चेंडूशेजारच्या फवाऱ्यापाशी गेलो. गवताला पाणी मारायचे फवारे जमिनीत पुरलेले असतात आणि त्यांच्या झाकणांवर हिरवळीपर्यंतचे अंतर यार्डांत कोरलेले असते. तुम्ही असे कितीतरी फवारे बसवले आहेत, तुम्हाला मी काय सांगणार. झाकणावर एकशे अठ्ठेचाळीस होते. मी परत आलो.

"मामा, झाकणावर एकशे अठ्ठेचाळीस आहे."

"असू दे."

"बारा यार्डांचा फरक आहे."

"झाकणं मीही लावलीत आयुष्यभर. जेवणाच्या सुट्टीनंतर कुठलं झाकण कुठे बसतं, ते मला विचार."

"म्हणजे एकशे साठ नक्की?"

"तिसऱ्यांदा विचारतोयस."

मी आठ नंबरची काठी काढली. सातपेक्षा ती कमी लांब मारते. चेंडू पलीकडच्या काठावर आपटला, क्षणभर तिथे थांबल्यासारखा वाटला आणि मागे घरंगळत पाण्यात गेला. तुम्ही बॅग खांद्यावरून उतरवली, नीट उभी केली, पट्टा आत दुमडला. "आता झाकणालाच सांग बॅग उचलायला," म्हणालात आणि प्रेक्षकांच्या दोरीखालून वाकून निघून गेलात. तुमची पाठ आधी झाडांपर्यंत दिसली, मग फाटकापर्यंत, मग अंगठ्याएवढी.

चेंडू कमी पडला म्हणजे तुमचेच खरे होते. झाकण कुणीतरी चुकीच्या जागी लावले असणार. दोन वर्षे मी हेच धरून चाललो आहे. त्याबद्दल माफी मागतो.

पुढचे सगळे होल मी बॅग स्वतः उचलून खेळलो. विचारायला कुणी नव्हते, म्हणून काही विचारले नाही. एका फटक्याने जिंकलो. नंतर बक्षीस समारंभ वगैरे झाला.

आता जगात माझा क्रमांक अकरावा आहे. हे तुम्हाला पेपरातून कळले असेल, पण माझ्याकडून कळलेले बरे.

आपला भाचा

*

रविवार, १८ मे. संध्याकाळी सात वाजता. खोलीत, बूट न काढता.

मामा,

जिंकलो.

जिंकल्यापासून मी हा शब्द कुणाला तरी सांगायचा म्हणून राखून ठेवला होता. ज्यांना सांगितला त्यांना आधीच माहीत होता. वर्षात चार मोठ्या स्पर्धा असतात, त्यातली ही एक. शनिवारची माझी फेरी एकसष्ट फटक्यांची झाली. त्या मैदानावर आजवर इतक्या कमी फटक्यांत कुणी फेरी पूर्ण केलेली नाही. आजच्या फेरीत मी घाबरलेला होतो, पण घाबरून वाईट खेळलो नाही, हे माझ्यासाठी नवीन आहे.

तिसऱ्या होलवर एक गंमत झाली. चेंडू हिरवळीवर होता, होल वीस पावलांवर. लांब्या म्हणाला, "सरळ." मला सरळ दिसत नव्हते. मी मांडी घालून खाली बसलो आणि तुमच्यासारखे मनात म्हटले, समज ही मोरी आहे आणि कुणीतरी बादली उपडी केली, तर पाणी कुठे जाईल? पाणी आधी उजवीकडे गेले असते आणि मग कंटाळून डावीकडे वळले असते. मी तसाच मारला. चेंडू आत. लोकांनी मैदान डोक्यावर घेतले. लांब्याने माझ्याकडे बघितले. मी म्हटले, "मामा." तो म्हणाला, "कुणाचा?"

तुम्हाला आठवते का, मी दहा वर्षांचा असताना त्या जुन्या मैदानाचे तळे उपसायचे काम तुम्ही घेतले होते? सुट्टी होती म्हणून मला बरोबर नेले. पाणी गेल्यावर चिखलात चेंडूच चेंडू होते, खुराड्यातल्या अंड्यांसारखे. तुम्ही मुकादमाला विचारलेत, "हे कुणाचे?" तो म्हणाला, "ज्यांनी घालवले त्यांचे." तुम्ही म्हणालात, "मग आमचे." एक वाकडी काठीही मिळाली होती. तुम्ही ती पाइप सरळ करायच्या शिकंज्यात धरून सरळ केली. माझा पहिला फटका तुमच्या हत्यारांच्या पेटीला लागला आणि तुम्ही म्हणालात, "दिशा चांगली आहे, शत्रू चुकीचा आहे."

त्याच दिवशी आपण पाइप आणायला दुकानात गेलो होतो. त्या दुकानदाराच्याच घरच्या नळासाठी तुम्ही चौदा फूट मागितला. दुकानदार म्हणाला, "अहो, भिंत अकरा फुटांची आहे, मीच बांधून घेतलीय." तुम्ही म्हणालात, "आणि वळसे कोण घालणार, तुझे काका?" दुकानदाराला काही कळले नाही. तुम्ही आकडा नेहमी वळसे धरूनच सांगता आणि वळसे धरले आहेत हे मात्र सांगत नाही. मामी म्हणतात, यांना वेळ विचारली तर रस्त्यातली गर्दी धरून सांगतात. हे मला आज का आठवले ठाऊक नाही. बहुतेक आनंदात माणसाला काहीही आठवते.

चषक चांदीचा आहे आणि जड आहे. खोलीत आल्यावर मी त्यात पाणी भरून पाहिले. बुडाशी जोडावर ठिबकतो. एवढी मोठी स्पर्धा आणि झाळकाम असे. कुणाला बोललो नाही.

बाकीचे खेळाडू मला "तीनदा" म्हणतात, कारण मी प्रत्येक गोष्ट तीनदा विचारतो. आज एक जण म्हणाला, "तीनदा, जिंकलास ना नक्की?" मी म्हटले, "नक्की?" सगळे हसले, मीही हसलो.

एक राहिले. आमच्यात एक रीत आहे, ती तुम्हाला माहीत आहे. विजेत्याच्या शेवटच्या होलचा झेंडा त्याच्या कॅडीचा. लांब्याने आज काठीवरून झेंडा सोडवला आणि घडी करून शर्टाच्या आत ठेवला. त्याच्याकडे असे पाच झाले, त्यातले तीन माझे. तो म्हणाला, "तुझे पहिले बक्षीस माझ्या आधीचे. तो झेंडा कुणाकडे?" मी म्हटले, माझ्याकडे. तो म्हणाला, "खेळाडूने ठेवायचा नसतो." मी म्हटले, माहीत आहे.

जुलैला दोन महिने आहेत. मी पास पाठवीन. दोन पाठवीन, मामींचाही.

आपला भाचा

*

बुधवार, ९ जुलै. दुपारी साडेतीन.

मामा,

पास सोमवारी पोचल्याची पावती मिळाली. सही मामींची आहे.

आज सरावाची फेरी झाली. मैदान छान आहे. गवत नवीन लावले आहे, फाटक रंगवले आहे. बाराव्या होलला गेलो होतो. फवारा तिथेच आहे. बाकी ठीक.

काल मामींचा फोन आला होता हे तुम्हाला ठाऊक नसेल, किंवा असेल आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत असाल. मी विचारले, "मामा येतील का?" त्या म्हणाल्या, "त्यांचं काय सांगावं. तुझी दोन्ही पत्रं वाचली. दुसरं दोनदा वाचलं."

"मग अजून राग आहे?"

"झाकणाचा नाही रे. झाकण केव्हाच विसरले. तू टीव्हीवर काय म्हणालास, ते लागलंय त्यांना."

मी काय म्हणालो ते मला तेव्हाच कळायला हवे होते. त्या दिवशी जिंकल्यावर एका बाईने माइक पुढे करून विचारले, "तुमचा कॅडी कुठे आहे?" आणि मी म्हणालो, "कॅडी नव्हता." मला म्हणायचे होते की त्या शेवटच्या होलवर नव्हता. वाक्य एवढेच निघाले. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक छापून आले, "कॅडीविना जिंकला." दहा वर्षे ज्याने बॅग वाहिली तो माणूस घरी बसून हे वाचतो. मला ते आईने सांगितले नाही, तुम्ही सांगितले नाही, आणि मी इतके सगळे तीनदा तपासणारा, हे एकदाही तपासले नाही.

उद्यापासून चार दिवस. रोज एक फेरी, रविवारी शेवटची. रविवारी या.

एक विचारायचे होते, पण आता नको. आल्यावर विचारीन.

आपला भाचा

*

सोमवार, १४ जुलै. सकाळी साडेअकरा. आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

मामा,

काल तुम्ही आला होतात. तरी तुम्ही काहीच पाहिलेले नाही. म्हणून सगळे लिहितो.

आधी बुधवारचे राहिलेले. सरावात अंतर मोजायचे यंत्र वापरता येते. त्या फवाऱ्यापाशी उभा राहून मी मोजले. एकशे अठ्ठेचाळीस. झाकण खरे होते, मामा. लांब्याला मोजायला लावले. त्याचेही तेवढेच. तिसऱ्यांदा मीच मोजले. दोन वर्षे मी झाकणाला खोटे ठरवून तुमची माफी मागत होतो आणि चुकले होते तुम्ही, असे मला त्या क्षणी वाटले. खोटे कशाला बोलू, थोडा रागही आला. म्हणून पत्रात लिहिले नाही.

आता काल.

आम्ही दोघे जोडीने खेळत होतो, मी आणि गेल्या वर्षीचा विजेता. सकाळी दोघे बरोबरीत होतो. अकराव्या होलनंतर तो एका फटक्याने पुढे गेला. बाराव्याला माझा पहिला फटका चांगला बसला. चालत गेलो तर चेंडू कुठे पडलेला असावा? फवाऱ्यापासून हातभर. लांब्याने आधी झाकणाकडे पाहिले, मग माझ्याकडे, यावरून त्याला सगळी गोष्ट माहीत आहे हे मला कळले. आईने सांगितली असणार.

आणि मग दोरीपलीकडे तुम्ही दिसलात. निळा सदरा, कामावर जाताना घालता तो. शेजारी मामी. मी हात वर करणार तेवढ्यात तुम्ही वळलात आणि माझ्याकडे पाठ केलीत.

मला वाटले, पुन्हा निघाले. त्याच जागेवरून, तसेच. माझा हातमोजा घामाने ओला झाला होता. लांब्या म्हणाला, "झाकण एकशे अठ्ठेचाळीस."

मी ऐकले.

"वारा समोरून. बारा धर. एकशे साठ. सात नंबर."

मामा, मी तिथेच हसलो. लोकांना वाटले असेल ह्याचा तोल गेला. हा वारा तिथे रोज दुपारी तळ्यावरून समोर येतो. त्या दिवशीही होता, माझ्या टोपीची कड उडत होती, मला आठवते. बुधवारी आम्ही मोजले ते सकाळी आठ वाजता, तेव्हा पान हलत नव्हते. तुम्ही एकशे साठ सांगितले ते वारा धरून. वळसे धरून चौदा फूट, तसे. आणि मी झाकण वाचले ते भिंतीचे अकरा फूट. दोन्ही आकडे खरे होते. आपण दोघे दोन वर्षे बोललो नाही, आणि त्या दिवशी दोघांपैकी एकाने "वारा" एवढा एक शब्द तोंडातून काढला असता तर तुम्ही फाटकापर्यंत गेला नसतात. तुम्ही तो काढला नाहीत कारण तुम्ही कधीच काढत नाही. मी काढला नाही कारण मी झाकण वाचण्यात गुंतलो होतो.

लांब्याने विचारले, "नक्की ना?" फटक्याआधी त्याने मला आजवर कधी काही विचारले नव्हते. मी म्हटले, "नक्की." एकदाच.

सात नंबरची काठी. चेंडू वर गेला तेव्हा तो तळ्यात जाणार नाही हे मला आवाजावरूनच कळले. पलीकडचा काठ मागे टाकून हिरवळीवर पडला, दोनदा उडाला आणि झेंड्यापासून माझ्या हाताच्या अंतरावर थांबला. जो ओरडा झाला तो तुम्ही ऐकलात. तो ह्याचा होता. मी पुढचा फटका अलगद मारला, चेंडू होलमध्ये, एक फटका वाचला. दोघे बरोबरीत.

तेराव्याला जाताना मी वळून पाहिले. तुमची पाठ होती. चौदाव्याला पाहिले, तुम्ही दोरीबरोबर तिथेही आला होतात आणि मी चेंडूपाशी पोचताच पुन्हा पाठ केलीत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जाणाऱ्या माणसाची पाठ लहान होत जाते. तुमची तेवढीच राहात होती.

कारण मला काल रात्री मामींनी फोनवर सांगितले. "अरे, तुमचा नियम आहे म्हणे, खेळाडूने कॅडीशिवाय कुणाचा सल्ला घ्यायचा नाही. हे म्हणाले, मी तोंड दाबून धरीन, पण माझे डोळे बोलतात. भुवई जरी उडाली तरी लोक म्हणतील मामाने खूण केली, आणि पोराचं बक्षीस जाईल. म्हणून पाठ."

मी म्हटले, "पण मामी, तुम्ही तरी त्यांना सांगत होतात ना काय चाललंय?"

"मला दम दिला होता. तूही बोलायचं नाहीस. शिवाय मला त्यातलं काय कळतं? चेंडू गेला, लोक ओरडले. एवढंच सांगितलं असतं."

"सात होल असे उभे राहिले?"

"लोकांना वाटलं पहारेकरी आहेत. तेही असेच पाठ करून उभे असतात ना. एका बाईने संडास कुठे म्हणून विचारलं. ह्यांनी पत्ता तर सांगितलाच, वर म्हणाले, तिथली टाकी भरायला वेळ लागतो, घाई करू नका."

तर तुमच्या पाठीमागे काय झाले ते असे. पंधराव्याला मी लांबून चेंडू घातला. डावीकडून मोरी, उजवीकडे भोक, तुम्ही डोळे मिटून सांगितले असते. मी एकाने पुढे. सतराव्याला वाळूच्या खड्ड्यात गेलो आणि तो फटका घालवला. पुन्हा बरोबरी. तेव्हा लोकांनी "अरेरे" केले ते तुम्ही ऐकलेच असेल. मामी म्हणाल्या की त्या आवाजाला तुम्ही स्वतःच्याच मांडीवर चापट मारलीत.

अठरावा होल. त्याचा चेंडू होलच्या कडेला फिरून बाहेर आला. माझा साधारण आठ पावलांवर होता, उताराला. हा गेला तर जिंकलो. लांब्या खाली वाकला आणि म्हणाला, "तुझ्या मामाचं काम आहे." मी बसलो. बादली उपडी केली. पाणी सरळ जात होते, अगदी शेवटी किंचित उजवीकडे, जिथे जमीन रोजच्या पावलांनी दबली आहे. मी तुमच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तरी पाठच दिसली असती, आणि आता मला ती पुरत होती.

चेंडू शेवटी किंचित उजवीकडे वळला आणि गेला.

मामा, वर्षातल्या चारांपैकी दोन मोठ्या स्पर्धा एकाच हंगामात. आज सकाळी यादी आली. जगात पहिला क्रमांक. मी यादी तीनदा पाहिली, ही सवय एकदम सुटणार नाही. आईने चौथ्यांदा पाहिली आणि म्हणाली, "तुझ्या मामाला कळव, नाहीतर म्हणेल पेपरातून कळलं."

मी वर बघितले तोपर्यंत तुम्ही गेला होतात. सोमवारी सकाळी सातला कुठल्या तरी इमारतीच्या टाकीचे काम होते म्हणे. तुम्ही कुणाचे काम चुकवत नाही. पण त्यामुळे त्यानंतरचेही राहिले, ते सांगतो. तीच बाई माइक घेऊन आली. हसत म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी इथेच तुम्ही म्हणाला होतात, कॅडी नव्हता. आज आहे ना?"

मी म्हटले, "दोन आहेत."

"एकच दिसतोय."

"दुसरे पाठ करून उभे होते. तेव्हाही होते, बाराव्या होलपर्यंत. तेव्हा मी अर्धं वाक्य बोललो होतो, आज पुरं करतो. मला हा खेळ त्यांनी शिकवला. तळं उपसून शिकवला."

तिला तळ्याचे काही कळले नाही. तरी सगळे टाळ्या वाजवत होते. आज पेपरात ते छापून आले आहे, पहिल्या पानावर, तळ्यासकट. तुम्ही वाचले असेल. दुसऱ्या पानावर गर्दीचा फोटो आहे. सगळी तोंडे इकडे आणि एक निळा सदरा तिकडे.

लांब्याने अठराव्याचा झेंडा शर्टात घातला आणि मला म्हणाला, "माझा मी घेतला. तुझ्याकडचा जुना आता पोचव." तो दोन वर्षे माझ्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली होता. या पत्राबरोबर पाठवत आहे. एका कोपऱ्याला शिवण उसवली आहे, ती मी तशीच ठेवली.

ऑगस्टमध्ये लांब्या दोन आठवडे सुट्टीवर जातो आहे. त्यातल्या दुसऱ्या आठवड्यात एक स्पर्धा आहे, लहानशी, आपल्या जुन्या मैदानावर. ते तळे आता पुन्हा भरले आहे. बॅग जड आहे, मी चार काठ्या कमी घेऊ शकतो. आकडा सांगताना वारा वेगळा सांगायचा, एवढी एकच अट आहे. माझ्यापुरती अट अशी की मी एकदाच विचारीन.

तुमचा हिशेब राहिला आहे, तो मिटवतो.

पहिल्या बक्षिसातला कॅडीचा दहावा हिस्सा बहात्तर हजार होता. त्याचा चेक तुम्ही परत पाठवलात. आता मला वाटते, बरोबरच केलेत. स्पर्धा बहात्तर होलांची असते आणि तुम्ही बॅग पूर्ण वाहिली नव्हती. म्हणून नवीन चेक.

पासष्ट होल आणि बाराव्याचा अर्धा, होलमागे एक हजार: ६५,५०० देणे होते, सोबत जोडले आहेत.

झेंड्याचे पार्सल: ३४० खर्च.

वायसर, एक: हॉटेलच्या नळात. तुमचाच होता, देणे आहे.

तुमच्याकडून येणे: साडेसहा होल.